झडत्या पानांतील वसंत

पंचांगाप्रमाणे वसंत हा चैत्र-वैशाखाचा ऋतू. परंतु वसंत पंचमी साजरी होते ती माघात. या दोहोंमधील सुमारे दोन महिन्यांत ऋतूची पहिली चाहूल लागते ती घरामागच्या परसात. कमंडलू नदीकाठचे रहिमतपूरही त्यास अपवाद नाही. शेवगा पांढऱ्या घोसांनी लवतो, आंब्याच्या मोहराचा गंध गल्लीत दरवळतो, थंडीत पाणी तोडून छाटलेल्या मोगऱ्यास धुमारे फुटतात आणि पहाटे नर कोकीळ साद घालू लागतो.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीस मात्र यांतले थोडेच पडते. हेच दिवस वर्षअखेरीचे. ३१ मार्चच्या आत मालाची मोजदाद, उधारीची वसुली आणि हिशेबाची जुळणी व्हावयाची असते. अशा वेळी दुकानासमोरच्या कडुनिंबाची पिवळी पाने पायरीवर पडू लागली, की तो केवळ कचरा वाटतो. पाटीही झाकली जाते. मग फांद्या उतरवण्याचे ठरते.

वस्तुतः ही पानगळ म्हणजेच वसंताची वर्दी होय. कडुनिंब आणि पिंपळ जुनी पाने टाकतात आणि पावसाची वाट न पाहता, भर कोरड्या दिवसांत नवी पालवी धारण करतात. खोल गेलेल्या मुळांना मिळणारी ओल त्यांना पुरते. म्हणूनच उन्हाचा तडाखा वाढतो तेव्हा त्यांची सावली तयार असते. याच सुमारास फांद्या छाटल्या, तर पालवीमागून येणारा फुलोरा, त्यावरील मधमाश्यांचा आहार, पाखरांचा आसरा आणि गिऱ्हाइकाला उभे राहण्यापुरती सावली, सारेच हातचे जाते. गुढीपाडव्यास गुळासह खावयाची कोवळी पाने मग बाजारातून आणावी लागतात.

नगरपालिका हद्दीतील झाडांस १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. परंतु कायद्याआधी कामी येते ती दृष्टी. पायरीवरची पाने झाडून त्याच झाडाच्या बुंध्याशी लोटावीत. त्यांचे आच्छादन ओल टिकवते आणि कुजल्यावर खत होते. पाटी दिसत नसेल, तर ती थोडी खाली घ्यावी. व्यापारात आज सोडलेले पुढे लाभ होऊन परतते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाने सोडणाऱ्या झाडाचा हिशेब समजावून सांगावा लागू नये.