रुग्ण ‘आढ्य’ नसेल तेव्हा

अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात वाग्भटाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांत रुग्णाचे गुण सांगताना ‘आढ्य’, म्हणजे संपन्न, हा गुण आरंभीच येतो. विद्यार्थिदशेत हा शब्द पाठ करताना आम्हांस काहीसे हसू येई. वीस वर्षांच्या व्यवसायानंतर आता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे चिकित्सालय आहे. काही वर्षांपूर्वी एक अल्पभूधारक शेतकरी गालाच्या आतील न भरणारा व्रण घेऊन आला. तंबाखूचे व्यसन जुने, व्रणाची कडा कठीण, मानेतील गाठ हातास लागत होती. आम्ही तत्काळ चिठ्ठी दिली, मुंबईस टाटा रुग्णालयात जाण्यास सांगितले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. दोन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा व्रण गालाबाहेर फुटला होता. पती-पत्नी परळला गेली होती. लॉजमध्ये आठ दिवस राहिली. तपासण्या पुऱ्या होण्याआधीच जवळचे पैसे संपले. पुढे उपचार झाले, परंतु गेलेले दोन महिने परत मिळाले नाहीत. उपचार उपलब्ध होते. ते कसे गाठावेत याची माहिती नव्हती. ती आम्हांसही नव्हती, ही खरी खंत.

त्यानंतर आम्ही एक वही केली. तिच्या पहिल्या पानावर जवळच्या कर्करोग रुग्णालयांची नावे आहेत. आमच्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली बार्शीतच सुरू झाली. तरीही आमच्या तोंडी प्रथम मुंबईचेच नाव आले होते!

दुसऱ्या पानावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार समाविष्ट आहेत. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो; शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन प्रथम त्यालाच भेटावे, एवढे सांगितले तरी निम्मी वणवण वाचते. तिसरे पान प्रवासाचे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका व्यक्तीसही मोठी सवलत असते. मात्र रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र हवे.

मुंबईस जाणे अटळच असेल, तर परळची नाना पालकर स्मृती समिती व दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही निवासाची ठिकाणे सांगावीत. तेथे जागा मर्यादित असते, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करावी. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची निवासकेंद्रे आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी (1951) आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (1969) या संस्था साहाय्य व मार्गदर्शन करतात. रोग बरा होण्यापलीकडे गेला तरी रुग्ण आपला राहतोच. अशांसाठी वांद्र्याचे शांती अवेदना सदन (1986) आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र (1997) वेदनाशमन व शुश्रूषा करतात.

परंतु वहीतील सर्वांत उपयोगी पान स्थानिक आहे. रुग्णखाट व चाकाची खुर्ची वापरण्यास देणारे मंडळ, रात्री येणारा रुग्णवाहिकेचा चालक, ड्रेसिंगसाठी घरी जाणारी परिचारिका. आणि स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या एक शिक्षिका, ज्या स्वतःहून नव्या रुग्णेशी बोलावयास तयार असतात. चरकाचार्यांनी रुग्णाच्या गुणांत निर्भयता सांगितली आहे. ती आमच्या कोणत्याही कल्पापेक्षा या बाईंच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने अधिक येते, हे आम्ही पाहिले आहे. उपस्थाता हाही चिकित्सेचा एक पाद. रात्रंदिवस जागणाऱ्या त्या पत्नीची वा मुलाची विचारपूस आपण किती वेळा करतो?

औषधालयाच्या मालकबंधूंना एक विनंती. रुग्णाचा नातेवाईक पुष्कळदा वैद्याआधी आपल्या गल्ल्यापाशी येतो आणि हलक्या आवाजात विचारतो, ‘कॅन्सरवर काही आहे का?’ कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहेच. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. त्या क्षणी बाटली पुढे करावी की पत्त्यांचा कागद, यावर एका कुटुंबाचे दोन महिने अवलंबून असतात.

‘रुग्ण दुसऱ्या पॅथीकडे जाईल’ ही शंका काही सहकारी बोलून दाखवितात. आमचा अनुभव असा, की योग्य वेळी पाठविलेला रुग्ण मंदाग्नी, मुखपाक, निद्रानाश यांसाठी विश्वासाने परत येतो. आपण दिलेली औषधे रुग्णालयातील डॉक्टरांना दाखवावयास मात्र त्याला आवर्जून सांगावे.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने असे एक पान तयार करावे, दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष दूरध्वनी करून पडताळावे आणि प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात लावावे. खर्च कागदाचा व थोड्या वेळाचा. रुग्णास आढ्य करणे आपल्या हाती नाही. तो आढ्य नाही म्हणून उपचारांवाचून परतणार नाही, एवढे पाहणे मात्र निश्चितच आहे.