गाणारा बाप गेल्यानंतर

आमच्या दैनिकांतील निधनवार्तांच्या रकान्यात एक वाक्य वारंवार वाचायला मिळते. 'कालकथितांना गायनाची आवड होती. त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' मग जलदान विधीची तारीख. त्या दिवशी भन्ते येतात, त्रिसरण-पंचशील होते, दोन-चार कार्यकर्ते आदरांजलीची भाषणे करतात आणि 'गायनाची आवड' तिथेच संपते. या दोन शब्दांत चळवळीच्या इतिहासाचे एक अख्खे पान दडलेले असते आणि ते आम्ही न वाचताच मिटून टाकतो.

कोण होता हा माणूस? दिवसा गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणारा आणि रात्री पेटी-ढोलकी घेऊन वस्तीत उभा राहणारा. मानधन मिळाले तर मिळाले, नाहीतर एसटीचे भाडेसुद्धा पदरचेच. ज्या आयाबायांना अक्षरओळख नव्हती, त्यांना महाडचे तळे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि नागपूरची धम्मदीक्षा यानेच सांगितली. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांपर्यंतची मोठी नावे आम्हाला पाठ आहेत. पण ती गाणी वाडीवस्तीवर पोहोचवली ती अशा शेकडो बिननावाच्या गायन पार्ट्यांनी.

२००४ साली मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि पाठोपाठ जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. प्रल्हाददादांचे गाणे त्यांच्यानंतर थांबले नाही. आनंद आणि मिलिंद या मुलांनी ते पुढे नेले, आज नातू आदर्श गातो आहे. बाप गेला, आजा गेला, तरी घर गात राहिले. त्यांच्या कॅसेटी निघाल्या होत्या, आवाज घरोघरी जपला गेला. परंतु ज्यांचा आवाज कोणत्याच कंपनीने कधी मुद्रित केला नाही, त्यांचे काय? त्यांच्यामागे उरते ती फक्त एक वही.

ही वही आमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. जाड पुठ्ठ्याची, तेलकट डागांची, ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली ठेवलेली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे नाव, शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. कित्येक कवींची ओळख आज या शेवटच्या कडव्यापुरतीच शिल्लक आहे. घर बदलताना, रंगकाम काढताना ही वही रद्दीत जाते. तिच्याबरोबर तो कवीही जातो.

आणि कधी कधी ती मुद्दाम टाकली जाते. कारण पुढची पाने भीमगीतांची असली, तरी सुरुवातीच्या पानांवर विठ्ठलाचे अभंग असतात. शिकलेला मुलगा अवघडतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे कशाला, असे त्याला वाटते. प्रल्हाद शिंद्यांविषयीही हीच कुजबुज होत असे. भीमगीते गाणारा माणूस पंढरीची भक्तिगीते कशी गातो? हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर पाने फाडून मिळत नाही.

बाबासाहेबांच्या घराकडे पाहा. सुभेदार रामजी कबीरपंथी होते. घरात भजन होते, अभंग आणि दोहे होते, आणि मुलांनी ते म्हणावेत याबाबत ते कडक होते. डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतरावांचा जन्म झाला. जानेवारीत भीमराव नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि वडील आजारी असल्याची तार येताच परतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी डोळे मिटले. या नातवाचे आजोबा म्हणून त्यांना दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. बापाच्या त्या भजनांचे बाबासाहेबांनी काय केले? देव सोडले, कर्मकांड सोडले, १९५६ साली धर्मही सोडला. मात्र कबीर सोडला नाही. १९५४ साली मुंबईच्या सभेत आपले तीन गुरू सांगताना बुद्ध आणि जोतिराव फुल्यांबरोबर त्यांनी कबीराचे नाव घेतले. गाण्याची ओढही सुटली नाही. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. बापाच्या वारशातून काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे त्यांनी विचाराने ठरवले. बापाची लाज बाळगून नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. अभंग पुन्हा देव्हाऱ्यात बसवा, असे आम्ही सांगत नाही. पण वही जपणे म्हणजे देव जपणे नव्हे. अभंगांच्या पानावरून भीमगीतांच्या पानावर आलेला माणूस म्हणजेच आमचे धर्मांतर. पहिली पाने फाडली, तर तो कुठून निघाला होता हे नातवंडांना कधीच कळणार नाही आणि त्याने केलेला प्रवास लहान दिसेल.

यासाठी फार पैसा लागत नाही. जलदान विधीच्या दिवशी कालकथितांची वही सर्वांसमोर ठेवा. नातवंडांनी मोबाइलवर तिच्या एकूण एक पानाचे फोटो काढावेत. कवीचे नाव, चाल, कोणत्या वस्तीत, कोणत्या साली गायले, हे आजीला विचारून लिहून घ्यावे. आजीलाच गायला लावून तिचा आवाज मुद्रित करावा, कारण निम्मी गाणी वहीत नसतात, तिच्या तोंडात असतात. जुन्या कॅसेटींना बुरशी लागण्याआधी त्या उतरवून घ्याव्यात. विहारांच्या वाचनालयात अशा वह्यांच्या प्रतींसाठी एक कपाट असावे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्याच्या थोड्याशा हिश्श्यात हे सारे होईल.

भिंतीवर फोटो लावून हार घालणे सोपे आहे. पण गाणाऱ्या बापाला फोटो पुरत नाही. त्याचे एक तरी गाणे नातवाला चालीसकट म्हणता आले पाहिजे. आमच्या लेखी तीच त्याला खरी आदरांजली. जयभीम.