गॅरेजगप्पा : जीपच्या अंगात येतं तेव्हा

आमच्या गॅरेजमध्ये या वेळी थोडा गंभीर विषय आहे.

मार्चमध्ये मिशिगनचे रस्ते कसे असतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. बर्फ वितळतो आणि खड्डे वर येतात. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला आम्ही निघालो होतो. गाडी आमची लाडकी १९९८ सालची जीप चेरोकी. शेजारी सौ., मागे कन्या आणि तिच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा. आय-९४ वर ताशी ५५ मैलांच्या वेगात पुलाच्या सांध्यावर चाक आदळलं आणि स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. थडथड कसली, अख्खी गाडी घुमायला लागली! आम्ही स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि हळूहळू कडेला घेतली. वेग बराच उतरल्यावर एकदाचं ते वारं गेलं.

श्रीखंड वाचलं. सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, हीच गाडी तुम्ही हिला देणार होतात ना?"

कन्येला नुकतंच लायसन्स मिळालंय. जीप तिला द्यायची, असं आम्हीच मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. त्यामुळे आम्ही गप्प.

खरं म्हणजे ही थरथर नवी नव्हती. त्यापायी एका दुकानात दोनदा अलाइनमेंट करून झाली होती. दोन्ही वेळा रंगीत कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे! शेवटी दुकानदार म्हणाला, स्टिअरिंगचा डँपर बदला. डँपर म्हणजे हिसके शोषून घेणारा छोटा शॉक ॲब्सॉर्बर. आम्हीही मान डोलावली होती. मेकॅनिकलमध्ये एम.एस. केलेल्या माणसाने ताप कशाचा ते न बघता क्रोसिनवर भागवावं, तसला हा प्रकार.

आता थोडं शास्त्र. किराणा दुकानातल्या ढकलगाडीचं एखादं चाक ठराविक वेगाला फडफडतं, पाहिलंय ना? तेच इथे होतं. या जीपची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात, त्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो. हा ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून ट्रॅक बार नावाचा एक आडवा दांडा असतो. एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. त्यात प्ले आला की ॲक्सल झुलतो, तो झुलला की चाकं वळतात आणि चाकं वळली की तो आणखी झुलतो. हा दोष कंपनीचा नव्हे. पंचवीस वर्षांहून अधिक झीज आणि रस्त्यावरचं मीठ, दुसरं काय!

मग अलाइनमेंटच्या यंत्राला हे का दिसलं नाही? कारण तिथे गाडी उभी असते. ढिला सांधा त्या क्षणी जिथे टेकलेला असेल, तिथलं माप यंत्र देतं. गाडी रस्त्यावर आली की माप बदललं! म्हणून आधी सांधे, मग टायरचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

शनिवारी कामाला लागलो. प्रथम पुढचं चाक जॅकने उचलून खाली स्टँड लावला. चाक वर-खाली धरून हलवलं. तिथे प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग संशयित. डावी-उजवीकडे हलवलं. तिथे असेल तर टाय रॉडची टोकंही संशयित. दोन्ही चाकं ठीक निघाली.

मग गाडी पुन्हा चारी चाकांवर उतरवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेक सांधा बघायचा. कऱ्हाडला मामांच्या महिंद्रा जीपखाली मिस्त्री असाच झोपायचा. ना कंप्युटर, ना रंगीत कागद!

खाली अर्थातच आम्ही. पण चाळिशीचा चष्मा घरात राहिलेला. बराच वेळ बघून "सगळं ठीक आहे" असा निकाल दिला. कन्या म्हणाली, "बाबा, मी बघू?" जागा बदलली. मिनिटभरात खालून आवाज, "बाबा, हा दांडा नाही हलत. बोल्टच हलतोय!"

चष्मा आणून पाहिलं. ट्रॅक बारचा ॲक्सलकडचा बोल्ट जिथे बसतो, तिथलं भोक झिजून लांबट झालं होतं. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. नुसता नवा ट्रॅक बार आणला असता तरी तो त्याच भोकात खडखडला असता. आणि डँपर लावला असता तर थरथर काही दिवस दबली असती, आम्ही किल्ली कन्येच्या हातात दिली असती आणि भोक मोठं होत राहिलं असतं. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

उपाय साधाच. भोक ड्रिलने गोल करून त्याच मापाचा जाड बोल्ट घातला, बारही नवा बसवला. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळा, मागे सोडू नका.

मग टायर बॅलन्स करून घेतले आणि तिसऱ्यांदा अलाइनमेंट केली. आकडे पुन्हा हिरवे, पण या वेळी त्यांना अर्थ होता.

त्याच पुलावरून आम्ही एकटेच चार फेऱ्या मारून आलो. पाचव्या फेरीला कन्या चालवत होती, सौ. मागे बसल्या होत्या. पुलाचा सांधा आला, गेला. कोणी काही बोललं नाही.

तुमच्याकडे अशी म्हातारी गाडी असेल तर या शनिवारी तिच्याखाली जरूर डोकावा. आणि चष्मा विसरू नका!