मोटारीचें अभिज्ञान

अंगठी हरवली म्हणून दुष्यंतानें शकुंतलेस ओळखिलें नाहीं. हल्लींच्या मोटारीही अशाच खुणेवांचून धन्यास ओळखीत नाहींत. किल्लीच्या मुठींत सूक्ष्म चिप असते. ती कुलुपाभोंवतालच्या वेटोळ्यास आपला संकेत कळविते. तो जुळला नाहीं तर इंजिन चालू होत नाहीं. 'इमोबिलायझर' नांवाची ही चोरप्रतिबंधक योजना ब्रिटनमध्यें १९९८ पासून नव्या मोटारींस सक्तीची झाली.

जतहून रुग्णास मिरजेस न्यावयाचें, म्हणजे ६० किलोमीटरांहून अधिक वाट. अशा वेळीं मोटार अडल्यास घाबरूं नये. दिवे मंद असतील तर दोष बहुधा बॅटरीचा. स्टार्टर फिरूनही इंजिन पेट घेत नसेल व समोर किल्लीचें चिन्ह लुकलुकत असेल, तर ओळख पटलेली नाहीं असें समजावें. जुडग्यांतील इतर किल्ल्या दूर कराव्या. मग जोडकिल्ली लावून पहावी. बटणाच्या मोटारींत किल्लीचा सेल संपला असल्यास ती बहुधा बटणाशीं टेंकवावी लागते. ढकलण्यानें कांहींच साधत नाहीं. तारा तर कोणासही तोडूं देऊं नयेत.

जोडकिल्ली घरच्या कपाटांत पडून राहिली तर ऐन वेळीं तिचा काय उपयोग? ती सोबत्याच्या खिशांत असावी, असें आम्हांस वाटतें.