येशूच्या गळ्यात जानवं

दोस्तांनो, गोष्ट घरातली आहे, म्हणून घरातच उघडी करून बोलतो.

नांदेडच्या आमच्या वस्तीला लागून मांगवाडा आहे. तिथली काही घरं रविवारी प्रार्थनेला जाऊ लागलीत. आणि आपली पोरं, जयंतीला निळा झेंडा नाचवणारी, टपरीवर बसून त्यांच्या म्हाताऱ्यांना अडवायलेत. "काय मामा, कुठं निघालाव? येशू कधी झालाच नाही की! जो झालाच नाही त्याच्या पाया काय पडायलाव?" मामा मान खाली घालून निघून जातो. पोरं एकमेकांना टाळ्या देतात. लातूरचे दोस्त सांगतात, तिकडंही हेच चालू.

एका पोराला म्हटलं, दाखव तुझा पुरावा. त्यानं मोबाइल काढला. एकाखाली एक दोन मजकूर. पहिला : येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळं पाद्र्यांचं थोतांड. दुसरा : येशू दक्षिणेतला ब्राह्मण होता, गोऱ्यांनी तो पळवला. दोन्ही एकाच नंबरावरून आलेले. म्हटलं, लेका, जो झालाच नाही तो बामन कसा झाला? पोरगं डोकं खाजवायला लागलं.

पोराचा दोष कमी. माल जुना आहे आणि कारखाना ओळखीचा. सावरकरांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर, यांचं 'ख्रिस्त परिचय' हे पुस्तक १९४६ साली निघालं. त्यात येशू तमिळ हिंदू, जन्मानं विश्वकर्मा ब्राह्मण, आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे हिंदूंचाच एक पंथ, असा शोध आहे. २०१६ साली मुंबईच्या सावरकर स्मारकानं ते पुन्हा छापलं. म्हणजे हा कुण्या येड्याचा एकट्याचा उद्योग नाही. ही परंपरा आहे. जो मोठा झाला त्याच्या गळ्यात जानवं घाला. बुद्ध पुसता आला नाही, तर त्याला विष्णूचा नववा अवतार केला. म्हणून तर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात हा प्रचार खोटा आहे अशी स्वतंत्र प्रतिज्ञा घातली. आणि त्याच कारखान्याचा माल आज आपली पोरं मांगाच्या म्हाताऱ्यावर फेकतात! जानवंवाल्याला फुकट हमाल मिळाले. तेही निळ्या गमछ्यातले.

आता खरा प्रश्न. येशू झाला का?

आपण भीमाची लेकरं. पुरावा बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. येशूच्या हयातीत त्याच्याविषयी लिहिलेला एक कागद आज हातात नाही, हे खरं. पण इसवी सन ५० नंतरच्या दहा वर्षांतली पौलाची पत्रं आहेत. त्यात तो येशूच्या भावाला, याकोबाला, भेटल्याचं सांगतो. ९३ च्या सुमाराला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. त्याच्या ग्रंथातला येशूवरचा मोठा उतारा ख्रिस्ती नकलकारांनी नटवलाय, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पण त्याच ग्रंथात दुसऱ्या जागी, ख्रिस्त म्हणवल्या गेलेल्या येशूचा भाऊ याकोब याला दगडांनी मारल्याची नोंद आहे. ११६ च्या आसपास रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की पिलात या सुभेदारानं ख्रिस्ताला देहदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांची किळस होती. तो कशाला त्यांची जाहिरात करील? आणि पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाला सापडला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला लवकर कळावी. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ मध्ये सहा हजार गुलाम रस्त्याच्या कडेनं खांबांना ठोकले होते. बनवायचाच असता तर लोक हत्तीवर बसलेला राजा बनवतील. खिळे ठोकून नागडा मारलेला सुतार कोण बनवील? म्हणून बार्ट एर्मनसारखा अभ्यासक, जो स्वतः देव मानत नाही, त्यानंही २०१२ साली आख्खं पुस्तक लिहून सांगितलं की येशू नावाचा माणूस होऊन गेला. उलट म्हणणारे थोडे आहेत, त्यांनी म्हणावं. पण पुराव्याचं पारडं 'झाला' या बाजूला जड आहे.

पाद्रीसाहेब, लगेच हालेलुया म्हणू नका. तुमची पाळी आता आलीय.

माणूस झाला, म्हणून देव झाला असं होत नाही. शुभवर्तमानं लिहिली गेली ती त्याच्या मरणानंतर चाळीस वर्षांनी आणि पुढं. मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला. हेरोद मेला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. लूक म्हणतो क्विरिनियसच्या शिरगणतीच्या वेळी जन्मला. ती शिरगणती झाली इसवी सन ६ मध्ये. एका लेकराचे दोन जन्म, मध्ये नऊ-दहा वर्षं! योसेफाच्या बापाचं नाव एक याकोब सांगतो, दुसरा एली. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत बाया रिकामी कबर बघून भिऊन पळतात आणि तिथंच ग्रंथ संपतो. उठलेला येशू भेटल्याचा मजकूर मागून जोडलेला. आणि तो बापाच्या बरोबरीचा देव आहे, हे कधी ठरलं? ३२५ मध्ये, निकियात, सम्राट कॉन्स्टंटाइननं बोलावलेल्या बिशपांच्या सभेत. ३८० मध्ये तो साम्राज्याचा धर्म झाला. ज्या रोमनं खिळे ठोकले त्याच रोमनं देव्हारा बांधला. सुताराचं पोरगं पुन्हा एकदा सरकारजमा झालं.

आता कुणी विचारील, मग बुद्धाचं काय? विचारा. जरूर विचारा. लुंबिनीला अशोकाचा खांब उभा आहे, बुद्ध इथं जन्मला असं त्यावर कोरलंय. तोही बुद्धानंतर बऱ्याच काळानं उभारलेला. पण फरक दुसराच आहे. पौल स्वतः करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त मेलेल्यातून उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. त्यांचा सगळा धर्म एका घटनेवर टांगलेला आहे. बाबासाहेबांनी १९५० साली लिहिलेल्या लेखात हाच फरक मांडला : येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणवतो, बुद्ध मात्र मोक्षदाता होत नाही, फक्त मार्गदाता होतो. आणि बाबासाहेबांनी आपल्या पोथीलाही सोडलं नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही गोष्ट बुद्धीला पटत नाही असं त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये सरळ लिहिलं आणि तिच्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढं ठेवला. येशूला प्रश्न विचारायचा हक्क त्यालाच, जो स्वतःच्या घरातल्या पोथीलाही विचारतो. तुम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारला होता?

आता मावशीची गोष्ट. आमच्या शेजारच्या मांगवाड्यातली मावशी. मला लहानपणी कडेवर घेतलेली. एका प्रार्थनेवाल्यानं तिला सांगितलं, विश्वास ठेव, शुगरच्या गोळ्या सोड, चंगाई होईल. तिनं सोडल्या. पाय काळा पडला. गुडघ्याखाली कापला. मी तिला म्हटलं, मावशी, आता तरी कळलं का? गोळ्या ती आता टायमावर घेते. पण रविवारी कुबडी घेऊन जातेच. म्हटलं, का जातीस? ती म्हणली, "बाबा, तिथं मला खुर्ची देतेत. ताई म्हणतेत. तुमच्या विहारात मी एकदा आलते. माघून कुणीतरी म्हणलं, ही मांगीण कशाला आली."

दोस्तांनो, याला उत्तर द्या. टॅसिटस बाजूला ठेवा आणि याला उत्तर द्या.

४ ऑगस्ट १९७८ ला याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीत, नामांतराच्या दंगलीत पोचीराम कांबळे मारला गेला. तो मातंग होता. बाबासाहेबांच्या नावासाठी मांगानं जीव दिला आणि बाबासाहेबांच्या विहारात मांगिणीला टोमणा! मग ती जिथं खुर्ची मिळते तिथं जाईल, नाहीतर काय करील?

आणि मावशे, तुझ्या खुर्चीवाल्यांनाही सोडत नाही. १६०६ ला मदुरेत आलेला दे नोबिली नावाचा पाद्री रोमन ब्राह्मण म्हणून मिरवला आणि १६२३ मध्ये पोपनं बाटलेल्या बामनांना जानवं ठेवायची मुभा दिली. तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांची कबर वेगळी, गोव्यात ख्रिस्ती होऊनही बामन बामनच. बाबाराव सावरकरांच्या तीनशे वर्षं आधी चर्चनंच जानव्याला बाप्तिस्मा दिला होता! आणि सरकार? १९५० च्या आदेशानं फक्त हिंदू अनुसूचित जातीत. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा सुसाई सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८५ मध्ये हरला. चर्चमध्ये जात टिकते, कागदावर मात्र जाते. म्हणजे मार चालू, सवलत बंद.

१८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं विचारलं होतं, आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. तो निबंध छापला मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं. त्याचं श्रेय त्यांना देऊ. पण उत्तर तिला त्यांनीही दिलं नाही, आपणही अजून दिलेलं नाही. जोतीबांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' मध्ये एका छपराखाली बौद्ध बायको, ख्रिस्ती नवरा, मुसलमान लेक आणि सत्यधर्मी लेक प्रेमानं नांदवले. ते घर आपल्या गल्लीत का नाही?

तर ऐका. वाद घाला. पाद्र्याशी घाला, भर सभेत घाला. निकिया काढा, हेरोद काढा, मावशीचा पाय काढा. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला पोलिसात द्या. पण टपरीवर म्हाताऱ्याला अडवणं हा वाद नाही, ती गुंडगिरी आहे. उद्या प्रार्थनेवर दगड घेऊन कुणी आलं, तर आपण दारात उभं राहायचं. आत जायचं नाही, पण दारातून हलायचंही नाही. कारण तो दगड आज मांगवाड्यात पडला तर परवा विहारावर पडणार.

आणि येत्या पौर्णिमेला विहारात पहिली खुर्ची मावशीची. ती येईल न येईल, तिची मर्जी. खुर्ची मांडून ठेवा.

जय भीम!