दृश्यकलेचे संशोधन आणि पदविकेचा अडसर

जळगावहून भुसावळकडे निघाले की थोड्याच अंतरावर महामार्गालगत नशिराबाद लागते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरने या गावाची नोंद घेताना तेथील काचेच्या बांगड्यांच्या धंद्याचा उल्लेख केला आहे. त्या बांगड्या कोण घडवीत, भट्टी कशी रचीत, कोणत्या रंगाला कोणत्या सणाला मागणी असे, याविषयी गॅझेटिअर फारसे बोलत नाही. महसूल गोळा करणाऱ्या सरकारला त्याची गरजही नव्हती. परंतु दृश्यकलेच्या अभ्यासकाला नेमकी हीच माहिती हवी असते, आणि ती मिळविण्यास गावातील चित्रकला शिक्षकाइतका योग्य माणूस शोधून सापडणार नाही. त्याला रंग कळतो, घाट कळतो, आणि गावातील कोणत्या घरी कोणती जुनी वस्तू पडून आहे हेही ठाऊक असते. असा शिक्षक पीएच.डी. करू इच्छील तर काय होईल, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

महाराष्ट्रातील कलाशिक्षणाची शिडी ज्यांनी चढली आहे त्यांना हे सांगावयास नको. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा, नंतर आर्ट टीचर डिप्लोमा, ऐपत आणि सवड असेल तर जी. डी. आर्ट, पुढे आर्ट मास्टर. पिढ्यान् पिढ्या राज्यातील चित्रकला शिक्षक याच वाटेने तयार झाले. या साऱ्या पदविका. यांतील एकही विद्यापीठाची पदवी नव्हे. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टलासुद्धा विद्यापीठीय पदवीचा अभ्यासक्रम मिळण्यास १९८१ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे मुंबईची ही नामांकित संस्था चित्रकार घडवीत होती, आणि विद्यापीठाच्या हिशेबी ते सारे पदवीविना होते. २०२३ साली याच संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट खरी. मात्र तिने दूर गावोगावी पसरलेल्या पदविकाधारकांचा प्रश्न सुटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के. राखीव व अन्य काही गटांना पाच टक्क्यांची सवलत आहे. बी.एफ.ए. झालेल्या बाविशीच्या मुलाला हे दार त्यामुळे उघडे झाले. पंचवीस वर्षे फळ्यासमोर आणि कॅनव्हाससमोर उभा राहिलेला पदविकाधारक मात्र उंबरठ्यावरच राहतो. गंमत अशी की, याच आयोगाने २०१८ साली अध्यापकांच्या नेमणुकीचे नियम करताना दृश्यकलेपुरती निराळी वाट ठेवली. थोर गुरूकडे शिकलेल्या आणि आपल्या क्षेत्रात नाव मिळविलेल्या पदवीधर कलावंताला सहायक प्राध्यापक होता येते, त्याला नेटची सक्ती नाही. हाताचे ज्ञान हेही ज्ञान आहे, हे आयोगाने तेथे मान्य केले आहे. जे तत्त्व अध्यापनाला चालते ते संशोधनाला का चालू नये, याचे उत्तर नियमावलीत मिळत नाही.

या मागणीला दोन बाजूंनी विरोध होतो. प्राध्यापक मंडळी म्हणतात की, अट सैल केली तर पदवीचे मोल घसरेल. चित्रकारांपैकी काहीजण उलट टोकाने म्हणतात की, चित्र काढावे. त्यावर प्रबंध कसला लिहावयाचा? पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. पदोन्नतीसाठी आणि वेतनवाढीसाठी लिहिले गेलेले प्रबंध कोणत्या विद्याशाखेत नाहीत? दृश्यकलेत तर त्यांचा साचाच बनून जाण्याचे भय आहे: आरंभी एखाद्या नामवंताचे चरित्र, मग प्रदर्शने आणि पारितोषिके यांची यादी, अखेरीस समाजशास्त्राकडून उसनी आणलेली प्रश्नावली व तिचे तक्ते, आणि चित्राकडे पाहिल्याची खूण एकाही पानावर नाही. परंतु हा दोष अट कडक ठेवल्याने जात नाही. असा प्रबंध लिहिणाऱ्याजवळ पदव्युत्तर पदवी असतेच!

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर खानदेशाच्या वेशीवरच उभे आहे. अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी तेथे राहून भिंतीवरील चित्रांच्या मोठ्या तैलप्रतिकृती करीत राहिला. वर्षानुवर्षांच्या या श्रमातील बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत भस्म झाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याचे थडगे भुसावळला आहे. त्याच्या मागून जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत गेले आणि १८८५ पर्यंत हे काम चालले. तयार झालेल्या कित्येक प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ साली पुन्हा आगीतच गेल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंड निघाले. त्यानंतर मूळ भिंतींवरचा रंग ठिकठिकाणी उडाला, काही ठिकाणी चढविलेल्या व्हार्निशने काळवंडला. त्यामुळे आज अभ्यासकाला या प्रतिकृतींकडे पुरावा म्हणून पाहावे लागते.

या कामाला त्या काळी कोणी संशोधन म्हटले नाही, पदवी तर दूरच. तरीही रेषा हाताने पुन्हा काढताना पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, नारायण एकनाथ, जयराव राघोबा यांसारख्या विद्यार्थ्यांना जे कळले असेल, ते लेण्याबाहेर बसून टिपणे काढणाऱ्याला कळणे शक्य नव्हते. खांद्याची रेषा एका दमात ओढली आहे की जोडून, रंगाचा कोणता थर आधी बसला, चुन्याचा हात कोठे दिला, हे बोटांना उमगते. दुर्दैव असे की, हे उमगलेले त्यांनी लिहून ठेवले नाही, किंवा त्यांना कोणी लिहावयास सांगितले नाही. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्स यांचे राहिले. कलावंताच्या हातात लेखणीही असावी, ही मागणी त्या चार नावांकडे पाहिले तरी पटावी.

आणि विषयांचा तोटा या भागात नाही. चाळीसगावजवळ पाटणे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ साली उत्खनन केले. तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची नक्षी कोरलेली आहे आणि त्याचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. भारतात सापडलेल्या अतिप्राचीन कलावस्तूंमध्ये त्याची गणना होते. त्याच डोंगररांगेतील पितळखोऱ्यात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली झालेल्या साफसफाईत एक यक्षमूर्ती निघाली. ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे मूर्तीवरच कोरले आहे. सोनार दगड कोरावयास कसा आला, दागिन्यांच्या कारागिरीतील काय त्याने दगडात उतरवले, हा प्रश्न सोन्याच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध असलेल्या जळगावात विचारला जावा, यापरता औचित्याचा योग कोणता?

केकी मूस यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ अज्ञातवासात राहिला आणि १९८९ च्या ३१ डिसेंबरला तेथेच वारला. आगगाडीच्या वेळेला दार उघडून ते प्रेयसीची वाट पाहत, ही कथा खानदेशात लहानथोर सर्वांना पाठ आहे. मेजावर क्षुल्लक वस्तू मांडून, प्रकाश खेळवून त्यांतून डोंगर, वादळ, बर्फ यांचा आभास निर्माण करणारे त्यांचे टेबलटॉप छायाचित्रण मात्र कथेच्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक आहे. कलावंताची दंतकथा झाली की त्याची कला मागे पडते. ती पुढे आणावयाची तर छायाचित्रणाच्या अंधाऱ्या खोलीत ज्याने स्वतः हात भिजविले आहेत असा अभ्यासक हवा. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत घरोघर बसणाऱ्या गुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, सातपुड्यातील आदिवासींच्या घरांच्या भिंती, हे विषय तर याहून घाईचे. मूर्ती साच्यातून निघू लागल्या की हाताने घडविणारी शेवटची म्हातारी कोण होती हेही कळणार नाही.

चित्रकाराने संशोधक होणे ही काही नवलाई नव्हे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने स्वातंत्र्यानंतर लगोलग ललितकलेची विद्याशाखा काढली, आणि चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे अध्यापन केले. त्याच परंपरेतील रतन पारिमू हे चित्रकार असून त्यांनी तीन टागोरांच्या चित्रांवर केलेला अभ्यास १९७३ साली ग्रंथरूपाने निघाला. टोकियोच्या राष्ट्रीय कलाविद्यापीठाने १९७७ साली डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये तर स्वतःची कलाकृती आणि तिच्यासोबत लेखी विवेचन असा प्रबंध आता सर्रास स्वीकारला जातो. भारतीय कलेच्या अभ्यासाला ज्यांनी दिशा दिली त्या आनंद कुमारस्वामींची डॉक्टरेट भूगर्भशास्त्रातील होती, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे. पदवीच्या विषयाचे सोवळे त्या काळी पाळले असते तर कलेचा इतिहास दरिद्री झाला असता.

जळगावच्या विद्यापीठाकडून या बाबतीत अधिक अपेक्षा करणे गैर नाही. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. नशिराबादजवळच्याच असोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. तेव्हा कागदाविना असलेल्या ज्ञानाची किंमत या विद्यापीठाला दुसऱ्या कोणी समजावून देण्याचे कारण नाही. पदविका आणि पंधरा-वीस वर्षांचे काम यांची एकत्रित पारख करणारी पात्रता परीक्षा घ्यावी, कच्चे वाटल्यास एक वर्षाचा पूर्वअभ्यास लावावा, आणि त्यासाठी आयोगाकडे रीतसर आग्रह धरावा. सहमार्गदर्शकाची तरतूद नियमांत आहेच. तिचा उपयोग करून अनुभवी कलावंतांचे साह्य घ्यावे. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. डॉक्टरेट मिळविलेले कला-अध्यापकच विरळ असतील तर या मर्यादेत किती जणांची सोय होणार? आणखी एक गोष्ट: प्रबंध मराठीत लिहिण्यास उत्तेजन द्यावे, आणि त्यातील चित्रे स्वच्छ, रंगीत, मापासह छापण्याची सक्ती करावी. चित्रावरच्या प्रबंधात चित्रच काळे ठिक्कर दिसत असेल तर परीक्षकाने तो परत पाठवावा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकाला गावोगाव हिंडण्याचा, छायाचित्रांचा, छपाईचा खर्च कसा परवडावा? पाटणे गावीच या बाबतीतला एक जुना दाखला आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला. तेथील १२०७ सालच्या सुमाराच्या शिलालेखात त्या मठाला दिलेल्या दानांची नोंद आहे. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. पण बाजारात येणाऱ्या मालापैकी मठाला काय द्यावयाचे, हे सांगणारा भाग व्यापाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना कळावा असा, त्या वेळच्या मराठीत कोरलेला आहे. जळगावच्या सराफ बाजाराला आणि खानदेशातील बाजार समित्यांना तो वाचून दाखवावयास हरकत नाही.