दगडीपाला कुठल्या वेदातला?

आज एका तणाबद्दल बोलायचंय. बांधावर, रुळाकडेला, खदानीत, झोपडपट्टीच्या गटारालगत, पडक्या भिंतीच्या फटीत ते उगवतं. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. केसाळ दातेरी पानं, लांब एकच दांडा, टोकाला पिवळं-पांढरं फूल. म्हणून एकदांडी. कुठे दगडीपाला म्हणतात, कुठे कंबरमोडी, तर कुठे जखमजोडी. या शेवटच्या नावातच त्याचं काम आलं.

विळा बोटात घुसला की शेतावरची बाई काय करते? रडत बसली तर मुकादम रोज कापेल. ती चार पानं ओरबाडते, तळहातावर चोळते, हिरवा रस जखमेत पिळते. झोंबतं. रक्त थांबतं. वर चोथा, त्यावर लुगड्याची चिंधी, की चालली पुन्हा कापणीला. ऊसतोड्या, खडी फोडणारा, गुरं राखणारं पोर, सगळ्यांचा पहिला दवाखाना हाच. उंदरांवरच्या प्रयोगांतही या पाल्याने जखम भरायला मदत होते असं दिसलंय. ते प्रयोगशाळेला कळायच्या कितीतरी आधी आपल्या आयांना ठाऊक होतं.

आता पोथीवाल्यांना विचारा. ते म्हणणार, ऋषीमुनींनी सगळं आधीच लिहून ठेवलंय. कुठल्या पानावर, दाखवा! ही वनस्पती मुळात मेक्सिको-मध्य अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. त्यानंतरच कधीतरी तिचं बी या मातीत पडलं. चरक-सुश्रुताच्या संहिता त्याच्या हजारभर वर्षं आधीच्या. म्हणजे चरकानं ही डोळ्यानंसुद्धा पाहिली नव्हती. तरी काही शोधनिबंधांत तिला संस्कृत नाव चिकटवलंय: 'जयंती वेद'! परदेशातनं आलेल्या तणाचीसुद्धा मुंज लावून टाकली.

मग शोध लावला कुणी? तिकडे ग्वातेमालातही लोक हा पाला जखमेवर लावतात, पण त्यांची चिठ्ठी घेऊन बी आलं नव्हतं. इथं ज्यांचे हात रोज फाटत होते त्यांनीच चोळून, लावून, झोंबवून घेऊन पारख केली. यालाच विज्ञान म्हणतात. आणि ज्यांना या ज्ञानाचा आज एवढा अभिमान, त्यांच्या मनुस्मृतीने चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न पुवासारखं म्हणून त्याज्य ठरवलंय. रक्तापुवाला हात लावणारा विटाळलेला! ती मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. पण गावोगाव ज्या मांगिणींनी सवर्णांची बाळंतपणं केली, त्यांना नाळ कापेपर्यंत घरात प्रवेश आणि नंतर बाहेरची वाट, हे तेवढ्यानं जळलं नाही.

कुणी म्हणेल, एका पाल्यावरनं एवढं रान कशाला उठवता? कारण यात पैसा आहे आणि कायदाही आहे. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला हळदीने जखम भरते यावर पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने भांडून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. चांगलंच झालं. पण पुरावा लागला लेखी, छापील. जे आजीच्या तोंडात आहे त्याचा पुरावा कोण मानणार? २००२ च्या जैवविविधता कायद्याने निदान म्हटलं होतं की लोकांच्या ज्ञानावर धंदा कराल तर लोकांना वाटा द्या. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथात बद्ध असलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातनं सूट दिली. उद्या हा पालाही पोथीतलाच म्हणून खपवला, तर वाटा मागायला आपण कुठल्या तोंडानं जाणार?

म्हणून सांगणं एवढंच. त्याच कायद्याखाली गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या गावची नोंदवही मागा. तिच्यात कुणाची माहिती लिहिलीय ते वाचा. वाड्यावरच्यांची असेल आणि आपल्या वस्तीतल्या म्हातारीची नसेल, तर ग्रामसभेत उभं राहून तिच्या नावानिशी लिहायला लावा. आपल्या पोरांनी स्वतः वही घेऊन बसावं: कुठला पाला, कशावर, किती, कुणी सांगितला. आपल्याला शतकानुशतकं लिहू दिलं नाही. आता कोण अडवतंय?

आणि एक गोष्ट ठणकावून. पाला म्हणजे दवाखाना नव्हे. गंजका पत्रा लागला, माती-शेण जखमेत गेलं, तर दगडीपाल्यानं धनुर्वात टळत नाही. त्याला इंजेक्शनच पाहिजे. 'तुमच्याकडे पारंपरिक औषधं आहेतच की' असं गोड बोलून आरोग्य केंद्राला कुलूप लावणारा साहेब आणि आपल्या आजीला अडाणी म्हणणारा पंडित, दोघं एकाच माळेचे मणी. आम्हाला डॉक्टरही पाहिजे, आणि पाल्यावर आमचं नावही पाहिजे.